३८ टॉर्पेडो आणि न संपणारा साठा

ओंकार: 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' ही अवकाशमालिका पुन्हा बघायला घेतलीय. पहिल्या सीझनमध्येच स्पष्ट सांगतात की व्हॉयेजर जहाजावर फोटॉन टॉर्पेडो ३८ आहेत आणि संपले की दुसरे मिळायचे नाहीत. पुढे सात सीझन मनसोक्त सोडत राहतात! लिहिताना कुणी मोजत नव्हतं का?

मामा: लिहिणाऱ्यांनी नसतील मोजले, प्रेक्षकांनी मोजलेत. ३८ चा आकडा केव्हाच मागे पडला होता. साठा कुठून भरला, ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही.

ताई: अरे, एवढं चालतंच की मालिकेत. स्टार ट्रेकच्याच 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेच्या 'डारमॉक' भागात (१९९१) एंटरप्राइज जहाजाचा फेझर, म्हणजे किरणांचा मारा, चक्क टॉर्पेडोच्या नळीतून सुटतो. तरी तो भाग मी कितीही वेळा बघेन.

मामा: मीही बघेन. पण ती चूक इफेक्ट्सवाल्यांची आहे, कथेची नाही. तशा चुका मी सहज सोडून देतो. मॉडेल्सचं चित्रीकरण खर्चिक असायचं, त्यामुळे १९७८ च्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या वेगळ्या मालिकेत वायपर्सचे, म्हणजे छोट्या लढाऊ विमानांचे, तेच ते शॉट्स पुन्हा पुन्हा दिसतात. अवकाशात स्फोटाचा आवाज येतो, सगळी जहाजं एकाच पातळीत समोरासमोर उभी राहतात, तेही मान्य. ३८ चं तसं नाही. तो आकडा मालिकेने स्वतःहून आपल्याला दिला, कारण साठा संपेल ही भीती आपल्याला वाटायला हवी होती. भीती वाटली, आणि मग आकडाच विसरले.

मावशी: मला यात नेक्स्ट जनरेशनमधली वुल्फ ३५९ ची लढाई फार आवडते. बोर्ग या शत्रूशी लढायला ४० जहाजं गेली, ३९ नष्ट झाली. १९९० मध्ये लढाई दाखवलीच नाही, एंटरप्राइज पोचते तेव्हा नुसते अवशेष तरंगत असतात. प्रत्यक्ष लढाई दिसली ती १९९३ मध्ये, डीप स्पेस नाईन या पुढच्या स्टार ट्रेक मालिकेच्या पहिल्या भागात.

ओंकार: पण मावशी, एवढं आरमार बोर्गच्या एका क्यूबपुढे, म्हणजे एका घनाकार जहाजापुढे, इतकं सहज कसं हरतं? हीच तर मोठी फट आहे ना?

मावशी: नाही रे. बोर्गनी एंटरप्राइजचा कॅप्टन पिकार्ड याला पळवून आपल्यातलाच एक, 'लोक्युटस', केलेलं असतं. स्टारफ्लीटचे, म्हणजे आपल्या बाजूच्या आरमाराचे, सगळे डावपेच त्याच्या डोक्यातून त्यांच्या हाती गेलेले असतात. आणि हरल्यावर गोष्ट तिथेच संपत नाही. डीप स्पेस नाईनचा नायक सिस्को, त्याची बायको त्या लढाईत गेली, म्हणून पिकार्डसमोर पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा राग बघ. तीन वर्षांनी, दुसऱ्या मालिकेत!

मामा: अगदी हेच! गेलेलं गेलेलंच राहिलं पाहिजे.

ओंकार: मग डीप स्पेस नाईनचा 'सॅक्रिफाइस ऑफ एंजल्स' (१९९७)? शत्रू डोमिनियनची २८०० जहाजं वर्महोलमध्ये, म्हणजे अवकाशातल्या बोगद्यात, शिरतात आणि तिथे राहणारे देवासारखे प्रॉफेट्स ती गायब करतात. मला फसवल्यासारखं वाटलं होतं.

मावशी: मला नाही वाटलं. प्रॉफेट्स पहिल्या भागापासून तिथेच आहेत, ऐन वेळी कुठून आणलेले नाहीत. आणि फुकट मदत करत नाहीत, याची किंमत मोजावी लागेल असं सिस्कोला तिथेच सांगतात.

ताई: मी ओंकारच्या बाजूने. आरमारं एकमेकांना भिडतात, माणसं मरतात आणि निकाल लागतो तो लढाईच्या बाहेर. कारण दिलंय, पण समाधान होत नाही.

मामा: त्यावर भांडता येईल. त्याच मालिकेच्या 'द डाय इज कास्ट'ला (१९९५) मात्र माझ्याकडे काहीच उत्तर नाही. रोम्युलन आणि कार्डेशियन या दोन परग्रही सत्तांची मिळून २० जहाजं, आणि पहिल्याच माऱ्यात ग्रहाचं ३० टक्के कवच नष्ट झालं म्हणतात. पडद्यावर दिसतात ते ढगांवरचे चार लखलखाट. बरं, २० जहाजं एवढं करू शकतात, तर पुढे अख्खं डोमिनियन युद्ध झालं, त्यात कुणालाच हे कसं आठवलं नाही? एका भागात ग्रह फोडणारं शस्त्र आणि दुसऱ्यात भिंतीला भोक पाडताना दमणारं. एकदा हे लक्षात आलं की पुढच्या लढाईत कोण किती संकटात आहे, हेच कळेनासं होतं. मग जीव टांगणीला लागणार कसा?

ताई: हे पटलं. पण मामा, व्हॉयेजरची अडचणही बघ. त्या काळात भाग पुढेमागे बघितला तरी कळला पाहिजे, असा आग्रह असायचा. म्हणून पुढच्या आठवड्यात जहाज परत चकाचक.

मामा: माहितीये. तरी व्हॉयेजरच्या 'इयर ऑफ हेल'चं (१९९७) वाईट वाटतंच. दोन भाग जहाजाची चाळण होते, माणसं आंधळी होतात, मरतात आणि शेवटी काळ मागे जाऊन सगळं पुसलं जातं. टूव्होक या अधिकाऱ्याचं आंधळेपण कुणाच्या आठवणीतही उरत नाही.

मामा: याउलट लेखक रोनाल्ड मूर बघ. त्याने डीप स्पेस नाईनवर बरीच वर्षं आणि व्हॉयेजरवर थोडा काळ काम केलं, मग नवं गॅलॅक्टिका उभं केलं. तिथे सुरुवातीच्या नावांमध्येच किती माणसं जिवंत आहेत तो आकडा येतो. ५०,२९८ पासून खाली. जहाजाच्या सांगाड्याला पडलेल्या भेगा बुजत नाहीत आणि शेवटच्या उडीत त्याचा कणाच मोडतो.

ओंकार: आणि त्यांची वायपर्स कशी संपत नाहीत?

मावशी: पेगॅसस या त्यांना भेटलेल्या दुसऱ्या जहाजावर नवी बनवायची सोय असते, तसं सांगितलंय. तू व्हॉयेजर जरा बाजूला ठेव. गॅलॅक्टिका २००३ च्या मिनी-सिरीजपासून सुरू कर, थेट '३३' हा भाग लावू नकोस. दर ३३ मिनिटांनी हल्ला होतो तेव्हा ते सगळे एवढे का थकलेत, ते आधीचं बघितलं नाहीस तर पोचणार नाही.