सप्तर्षी म्हणजे नुसता भास?
सप्तर्षींचे तारे एकमेकांशी काहीच संबंध नसलेले, आकार म्हणजे नुसता नजरेचा भास, असं म्हणतात, पण ते अर्धंच बरोबर आहे. क्रतू आणि मरीची ही दोन टोकं खरंच परकी, शंभराहून जास्त प्रकाशवर्षं लांब. पण मधले पाच, म्हणजे पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ, साधारण ८० प्रकाशवर्षांवर आहेत, एकत्र जन्मलेत आणि एकाच दिशेने चाललेत. वसिष्ठाला खेटून दिसणारी अरुंधतीसुद्धा याच कुटुंबातली!

आमची आजी मात्र ऋषी म्हणायचीच नाही. तिच्यासाठी चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि शेपटीचे तीन म्हणजे ती पळवणारे चोर. अंगणात गोधडीवर पडून मी आधी तेच शिकले, आणि अजूनही आकाशात पहिली बाजच दिसते.