आयर्लंडच्या अलीकडच्या इतिहासावरील स्मरणरंजनपर दूरचित्रवाणी कार्यक्रम: कोणते पाहावेत?

लिमरिककर:
नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त आम्ही उभयता आयर्लंडमध्ये लिमरिकला राहतो. सहकाऱ्यांच्या गप्पांत काही शब्द असे येतात की बाकीच्यांना पुढचे काहीच सांगावे लागत नाही आणि आम्हाला मात्र त्यांतले ओ की ठो कळत नाही. ‘सायपान’ म्हटले की टेबलावर दोन तट पडतात, ‘हलणारे पुतळे’ म्हटले की हशा पिकतो आणि ‘स्टारडस्ट’ म्हटले की सगळे गप्प होतात. बटाट्याचा दुष्काळ, १९१६चा उठाव, डी व्हॅलेरा यांच्याविषयी पुस्तकांतून पुरेसे वाचले आहे. मला हवा आहे तो त्यानंतरचा, साधारण १९६० पासूनचा काळ, आणि तोही इथल्या माणसांच्या आठवणीत ज्या रूपात उरला आहे त्या रूपात. कोणते कार्यक्रम पाहावेत आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी_चित्रफीत:
आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर एकच आहे, ते म्हणजे ‘रीलिंग इन द इयर्स’. आरटीई या सार्वजनिक वाहिनीने १९९९ साली ही मालिका सुरू केली. एक भाग म्हणजे एक वर्ष, आणि लांबी अर्ध्या तासाच्या आत. निवेदक नाही, आज मागे वळून बोलणारे तज्ज्ञ नाहीत, कुणाची मुलाखत नाही. त्या वर्षीच्या बातम्यांची चित्रफीत, त्या वर्षीची गाणी आणि पडद्याच्या तळाशी चार-सहा शब्दांच्या ओळी, एवढ्यावर सारा खेळ चालतो. पहिल्यांदा ऐंशीचे दशक झाले, मग बाकीची दशके आगेमागे होत गेली, आणि २०१०चे दशक २०२१ साली प्रसारित झाले. आयर्लंडमधील दूरचित्रवाणीचे प्रक्षेपणच ३१ डिसेंबर १९६१ रोजी सुरू झाले असल्यामुळे आपण म्हणता तो काळ या मालिकेत जवळजवळ पूर्ण येतो.

तिची खुबी कळण्यासाठी १९८० चा भाग पाहावा. ९ जानेवारीला नवे पंतप्रधान चार्ल्स हॉही कॅमेऱ्याकडे पाहत अत्यंत गंभीर चेहऱ्याने देशाला सांगतात की आपण सारे ऐपतीबाहेर राहत आहोत. या चित्रावर मालिका एका शब्दाचीही टिप्पणी करत नाही. तशी गरजच नव्हती, कारण याच हॉहींनी एका बड्या दुकानदाराकडून दहा लाखांहून अधिक पौंड घेतल्याचे १९९७ मध्ये चौकशी न्यायाधिकरणापुढे उघड झाले होते आणि १९९९ साली हा भाग पाहणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होते. प्रेक्षकाच्या पदरी असलेल्या माहितीवर विसंबून गप्प राहणे ही या मालिकेची शैली आहे. म्हणूनच बाहेरून आलेल्या माणसाला ती अर्धीच कळते, हेही आधीच सांगून ठेवतो.

आपल्या शब्दांपुरते बोलायचे तर, ‘हलणारे पुतळे’ १९८५ च्या भागात भेटतील. त्या उन्हाळ्यात कॉर्क परगण्यातील बॅलिनस्पिटल येथे मेरीमातेचा पुतळा हलताना दिसला अशी वार्ता पसरली आणि हजारो लोक रात्री तिथे जमू लागले. सायपानसाठी २००२ पाहावे. फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर प्रशांत महासागरातील सायपान बेटावरील सराव शिबिरात आयर्लंडचा कर्णधार रॉय कीन आणि प्रशिक्षक मिक मॅकार्थी यांच्यात खडाजंगी झाली आणि कीन एकही सामना न खेळता परत आला. चूक कुणाची, यावर अजून एकमत झालेले नाही. हसतखेळत सुरुवात करायची असेल तर मात्र १९९० निवडावे: फुटबॉल विश्वचषकात जेनोआमध्ये रुमानियाविरुद्ध पेनल्टींचा निकाल, गोलरक्षक पॅकी बॉनरने अडवलेला चेंडू, डेव्हिड ओलिअरीचा शेवटचा फटका, आणि त्याच वर्षी मेरी रॉबिन्सन यांची राष्ट्राध्यक्षपदी निवड.

कृष्णाकाठ:
मालिका उत्तम आहे याविषयी दुमत नाही. मात्र केवळ तिच्यावर भिस्त ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या चित्रफितींतून उभा केलेला इतिहास हा कॅमेरा जिथे पोहोचला आणि जिथे त्याला जाऊ दिले तिथलाच इतिहास असतो. आयर्लंडच्या बाबतीत ही मर्यादा फार मोठी आहे. प्रक्षेपण कायद्याच्या ३१व्या कलमाखाली १९७१ पासून जानेवारी १९९४ पर्यंत आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र लढणाऱ्या संघटनेच्या आणि पुढे तिच्याशी संलग्न शिन फेन या पक्षाच्याही प्रवक्त्यांना आरटीईवर बोलण्यास बंदी होती. १९७२ साली आयआरएच्या प्रमुखाच्या मुलाखतीवर आधारित वृत्तान्त प्रसारित झाला, तेव्हा सरकारने आरटीईचे संपूर्ण नियामक मंडळच बरखास्त केले. त्यानंतर वाहिनीने इतकी धास्ती घेतली की फिंगलसमधील एका बेकरीतील संपकऱ्यांचा प्रवक्ता केवळ शिन फेनचा सदस्य असल्यामुळे संपाविषयीदेखील पडद्यावर बोलू शकला नाही. आरटीईने बंदीचा अर्थ वाजवीपेक्षा जास्त ताणला, असा निर्वाळा पुढे सर्वोच्च न्यायालयाने दिला. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतील भाग पाहताना एक बाजू जवळजवळ मुकी दिसते ती यामुळे.

दुसरे उदाहरण अधिक जिव्हारी लागणारे आहे. जानेवारी १९८४ मध्ये ग्रॅनार्ड गावी पंधरा वर्षांची एक मुलगी मेरीमातेच्या पुतळ्यापाशी एकटीच बाळंत झाली आणि त्यात ती व तिचे बाळ दोघेही दगावले. दूरचित्रवाणीला तिथे दाखवण्यासारखे काय होते? एक गाव, एक पुतळा आणि बोलायला तयार नसलेली माणसे. या घटनेचा खरा दस्तऐवज आकाशवाणीवर तयार झाला. लोकप्रिय निवेदक गे बर्न यांनी फेब्रुवारीत आपल्या सकाळच्या कार्यक्रमात श्रोत्यांची पत्रे वाचून दाखवली. कित्येक स्त्रियांनी आयुष्यात प्रथमच आपल्या चोरून झालेल्या बाळंतपणाविषयी लिहिले होते. आरटीईच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर या विषयाची सामग्री शोधून ऐकावी. त्या दिवशी गाणी कोणती गाजत होती याचे काहीही वाटेनासे होते.

जुनी_चित्रफीत:
आक्षेप मान्य आहे, पण त्याचा दोष एकट्या मालिकेच्या माथी मारणे बरोबर नाही. ज्या १९९९ साली आरटीईने ‘रीलिंग इन द इयर्स’ सुरू केले, त्याच वर्षी त्याच वाहिनीने पत्रकार मेरी राफ्टरी यांची ‘स्टेट्स ऑफ फिअर’ ही तीन भागांची मालिका दाखवली. धर्मसंस्थांनी चालवलेल्या ‘औद्योगिक शाळां’त, म्हणजे गरीब व निराधार मुलांना ठेवण्याच्या निवासी संस्थांत, मुलांचे जे हाल झाले ते तिने मांडले आणि ती चालू असतानाच, मे महिन्यात, पंतप्रधान बर्टी अहर्न यांना शासनाच्या वतीने माफी मागावी लागली. त्यातून नेमलेल्या आयोगाचा अहवाल २००९ साली आला. जिथे कॅमेरा त्या काळी गेला नव्हता तिथे साक्षीदारांनाच बोलते करावे लागते, आणि ते काम गाण्यांवर चित्रफिती जोडणाऱ्या कार्यक्रमाचे नव्हे. धागाकर्त्यांनी पन्नास-साठच्या दशकांविषयीचे हळवे काहीही पाहिले की त्याच आठवड्यात ही मालिका पाहावी.

उत्तरायण:
उत्तर आयर्लंडचा विषय अजून कुणी काढला नाही म्हणून लिहितो. गाणी आणि जुनी चित्रे हाच साचा बीबीसीच्या ‘पॉप गोज नॉर्दर्न आयर्लंड’मध्ये आहे, तोही पाहावा. पण एकच निवडायचे असेल तर २०२३ ची पाच भागांची ‘वन्स अपॉन अ टाइम इन नॉर्दर्न आयर्लंड’ निवडावी. तीत तिथल्या दीर्घ हिंसक संघर्षाच्या दोन्ही बाजूंची, म्हणजे आयर्लंडशी एकीकरण हवे असणारी आणि ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारी, साधी माणसे, माजी सैनिक आणि माजी अतिरेकी कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात आणि बोलता बोलता मध्येच थांबतात. ‘डेरी गर्ल्स’ ही काल्पनिक विनोदी मालिका असली तरी नव्वदच्या दशकातील तपासणी नाके आणि बॉम्बच्या अफवा शाळकरी मुलींच्या दिनक्रमात कशा मुरल्या होत्या हे तिच्याइतके सहज मी कुठे पाहिलेले नाही. तिचा शेवटचा भाग शांतता करारावरील मे १९९८ च्या सार्वमताभोवती बेतलेला आहे.

टिळकवाडी:
आम्हा बेळगावकरांना या इतिहासातले एक पान दुरून वाचता येत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार यांचा मृत्यू झाला. त्या मूळच्या बेळगावच्या आणि पेशाने दंतवैद्य होत्या. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावरही हृदयाचे ठोके चालू असल्यामुळे गर्भपात नाकारण्यात आला आणि जंतुसंसर्गाने त्यांचा बळी घेतला. तेव्हा गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारी आठवी घटनादुरुस्ती लागू होती. माझा सल्ला असा की १९८३, २०१२ आणि २०१८ हे तीन भाग लागोपाठ पाहावेत. १९८३ च्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के मतदारांनी ती दुरुस्ती घटनेत घातली आणि २०१८ मध्ये सुमारे ६६ टक्क्यांनी ती काढून टाकली. हे दुसरे सार्वमत झाले तेव्हा मालवणजवळच्या वराड गावी वडिलांचे मूळ असलेले लिओ वराडकर पंतप्रधान होते. योगायोगच, पण आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या गावाचे कौतुक जितके छापले तितके या सार्वमताविषयी छापले नाही.

लिमरिककर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. टिळकवाडी यांनी सुचवलेल्या तीन भागांपासूनच सुरुवात करते. स्टारडस्टविषयी मात्र कुणी लिहिले नाही. शिवाय ‘स्कॅनल’ नावाचा कार्यक्रम यादीत दिसतो, पण तो आयरिश भाषेत असल्यामुळे आम्हाला समजेल का, अशी शंका आहे.

कृष्णाकाठ:
‘स्कॅनल’ जरूर पाहा, इंग्रजी उपशीर्षके असतात. गाजलेले एकेक प्रकरण अर्ध्या तासात निवेदकासह उलगडून सांगितलेले असल्यामुळे बाहेरच्या माणसाला ते ‘रीलिंग’पेक्षा सोपे जाते. स्टारडस्ट हा डब्लिनच्या आर्टेन भागातील नृत्यगृहाचा विषय आहे. १४ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे तिथे आग लागून ४८ जण मरण पावले आणि त्यांतले बहुतेक कामगार वस्त्यांतील तरुण होते. त्यावरचा जुना कार्यक्रम पाहिलात तर तो कधीचा आहे ते आधी तपासा. नव्या न्यायचौकशीत हे मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे झाल्याचा निर्णय एप्रिल २०२४ मध्ये लागला आणि त्याच महिन्यात शासनाने माफी मागितली. त्याआधीच्या कार्यक्रमांत कुटुंबे अजून न्यायाची वाटच पाहत असलेली दिसतील.