फेओह : गुरं, पैसा आणि आपली ‘फी’

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण ११०० सालाच्या आधी इंग्लंडात बोलल्या जाणाऱ्या भाषेत, ‘फेओह’ असा एक शब्द होता. त्याचा शेवटचा ‘ह’ घशातून, जवळजवळ ‘ख’सारखा उच्चारला जाई. गुरंढोरं, जंगम मालमत्ता आणि पैसा हे तिन्ही अर्थ त्यात होते.

हा शब्द आपल्या ‘पशु’चा भाऊबंद आहे. संस्कृतातल्या ‘प’च्या जागी जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, ‘फ’ दिसतो; पितृ आणि फादर, पाद आणि फूट या जोड्या त्यातल्याच. लॅटिनमध्ये ‘पेकुस’ म्हणजे गुरं आणि त्यावरून झालेला ‘पेकुनिया’ म्हणजे पैसा. जर्मन शेतकरी तर आजही गुरांना ‘फी’च म्हणतो.

मग आपण शाळेत भरतो ती फी हीच का? सरळ वारसा नाही. ती इंग्रजीत आली १०६६ नंतर, नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून. तिथे तिचा अर्थ होता चाकरीच्या बदल्यात मिळालेली जमीन, आपल्याकडच्या वतनासारखी. पुढे जमीन मागे पडून कामाचा मोबदला एवढाच अर्थ उरला. त्या फ्रेंच शब्दाच्या पोटातही जर्मानिक ‘गुरं-धन’च असावं, असं बरेच कोशकार मानतात. म्हणजे नातं आहे, पण चुलत घराण्यातलं.

‘फेओह’चा मला सर्वांत भिडलेला वापर ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतल्या वीरकाव्यात आहे. त्या काळी माणूस मारला गेला, तर मारणाऱ्याने मृताच्या नातलगांना भरपाई द्यायची रीत होती. ह्रेथेल राजाच्या एका मुलाच्या हातून चुकून सुटलेल्या बाणाने दुसरा मुलगा मरतो. आता भरपाई कोणी कोणाला द्यायची? बापाने सूड तरी कोणावर घ्यायचा? कवी या घटनेला ‘फेओहलेआस’ म्हणतो : जिची भरपाई कुठल्याच धनाने होत नाही अशी. राजा त्या दुःखातच मरतो. शब्दकोशात ‘धन’ एवढाच अर्थ वाचून या ओळीपर्यंत पोहोचता येत नाही.

आधी गुरं की आधी धन, हा वादाचा मुद्दा. गुरं हीच संपत्ती, म्हणून गुरांचा शब्द पैशाला लागला, असं सहसा सांगतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमील बाँव्हनिस्त यांनी हे उलटं मांडलं : मूळ अर्थ जंगम मालमत्ता, गुरं हा त्याचा नंतरचा, अरुंद झालेला अर्थ. गॉथिक या आता लुप्त झालेल्या जर्मानिक भाषेत या शब्दाचा अर्थ फक्त धन असाच सापडतो. अथर्ववेदात पाच पशू मोजले आहेत आणि गाय, घोडा, शेळी, मेंढी यांच्या रांगेत चक्क पुरुषही आहे; म्हणजे ‘पशु’ हा शब्द नुसत्या गुरांपुरता नव्हता. शिवाय इंग्रजी ‘कॅटल’ हा शब्द ‘कॅपिटल’च्याच मुळातून, मालमत्तेकडून गुरांकडे आलेला. मला बाँव्हनिस्त यांचं म्हणणं पटतं.

जुन्या इंग्रजीत गुरांसाठी ‘क्विकफेओह’, म्हणजे जितं धन, असाही शब्द होता. पश्चिम महाराष्ट्रात गुराढोरांना ‘जितराब’ म्हणतात, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही. विदर्भ, मराठवाडा, कोकण, गोवा इथे गुरांसाठी मालमत्तेच्या अर्थाचे आणखी कोणते शब्द बोलण्यात आहेत? माहीत असतील तर वाक्यासकट द्या, म्हणजे वापर कळेल.