वेब अ‍ॅपमध्ये स्टॅटिक मेथडमुळे मेमरी अडकते?

कोडकरी
'स्टॅटिक मेथड वापरू नका, त्यात तयार झालेले ऑब्जेक्ट अ‍ॅप बंद होईपर्यंत सुटत नाहीत' हा डॉटनेट वेब अ‍ॅपसाठीचा सल्ला वाचला आणि खाली +१ ची रांग पाहिली. साफ चूक आहे. मेथड स्टॅटिक (ऑब्जेक्ट न बनवता थेट क्लासवर चालणारी) असो वा इन्स्टन्स (ऑब्जेक्टवर चालणारी), तिचा कोड मेमरीत एकदाच येतो. हजार रिक्वेस्ट आल्या म्हणून हजार प्रती होत नाहीत. लोकल व्हेरिएबल त्या त्या कॉलपुरती. आत न्यू केलेल्या ऑब्जेक्टचा रेफरन्स कुणाकडे उरला नाही की जीसी (गार्बेज कलेक्टर, नको असलेली मेमरी मोकळी करणारा) तो उचलतो. अडकवतं ते स्टॅटिक फील्ड, म्हणजे क्लासचं, सगळ्या रिक्वेस्टना सामाईक व्हेरिएबल. ते जीसी रूट असतं, म्हणजे जिवंत काय ते जीसी तिथून मोजायला लागतो, त्यामुळे त्यातली डिक्शनरी, तिची प्रत्येक नोंद आणि नोंदीने धरलेलं सगळं, काढून टाकलं नाही तर, प्रोसेस संपेपर्यंत जिवंत.

हीपवासी
असहमत. मेथड स्टॅटिक केली की इन्स्टन्स फील्ड दिसत नाहीत. मग दोन कॉलमध्ये काही टिकवायचं तर लोक तिथेच प्रायव्हेट स्टॅटिक टाकतात. त्यात युजर आयडी ठेवला की एकाच वेळी आलेल्या दोन रिक्वेस्टमध्ये एकाचा डेटा दुसऱ्याला दिसतो. स्टॅटिक इव्हेंटला हँडलर (घटना घडली की चालणारी मेथड) जोडून काढायला विसरलं की त्या हँडलरचा ऑब्जेक्टही कायमचा अडकला. मुळावरच घाव घाला, स्टॅटिक मेथडच नको.

सॉकेट
अवांतर: असल्या सल्ल्यामुळेच लोक दर रिक्वेस्टला नवा एचटीटीपीक्लायंट (दुसऱ्या सर्व्हरला कॉल करणारा ऑब्जेक्ट) बनवतात. डिस्पोज केला तरी सॉकेट टाइम-वेटमध्ये (कनेक्शन बंद झाल्यावरच्या थांब्यात) काही काळ पडून राहतं, आणि लोड वाढला की पोर्ट संपतात. तो एकच, स्टॅटिक ठेवा.

हीपवासी
आणि डीएनएस (नावावरून आयपी पत्ता देणारी नोंद) बदललं की जुन्याच आयपीला चिकटून बसा!

सॉकेट
क्लायंटची कनेक्शनं सांभाळणाऱ्या सॉकेट्सएचटीटीपीहँडलरचं पूल्डकनेक्शनलाइफटाइम (एक कनेक्शन किती वेळ वापरायचं ते) कशासाठी आहे? डीफॉल्टला मर्यादाच नसते, म्हणून तुमचा गोंधळ होतो. २ मिनिटं द्या. नाहीतर क्लायंट बनवून देणारी एचटीटीपीक्लायंटफॅक्टरी वापरा, ती हँडलर डीफॉल्टने २ मिनिटांनी बदलते.

हीपवासी
फॅक्टरीतून घेतलेला क्लायंट सिंगलटनमध्ये (अख्ख्या अ‍ॅपला एकच असलेल्या ऑब्जेक्टमध्ये) धरून ठेवला की तोच हँडलर कायम राहतो. अर्धवट माहिती देऊन लोकांना खड्ड्यात घालू नका.

सॉकेट
हे बरोबर. पण सिंगलटन तुम्ही मध्ये आणलात, मी नाही.

एफपीएम
सगळ्यांना एकच काठी का? पीएचपी-एफपीएममध्ये (पीएचपी चालवण्याची नेहमीची पद्धत) रिक्वेस्ट संपली की स्टॅटिकही साफ.

कोडकरी
तेच अ‍ॅप लाराव्हेलच्या ऑक्टेनवर चढवा. तिथे रिक्वेस्ट संपली तरी वर्कर प्रोसेस जिवंत राहतो आणि स्टॅटिक अ‍ॅरे फुगत जातो. आयआयएसवरही (विंडोजचा वेब सर्व्हर) अ‍ॅप पूल, म्हणजे अ‍ॅप चालवणारी प्रोसेस, डीफॉल्टने १७४० मिनिटांनी रिसायकल होतो, म्हणून गळती झाकली जाते; कंटेनरमध्ये नेलं की उघडी पडते. शंका असेल तर थोड्या अंतराने मेमरीचे दोन डम्प (त्या क्षणाच्या प्रती) घ्या, डीबगरच्या डम्पहीप -स्टॅट कमांडमध्ये कोणत्या टाइपचे नग वाढलेत ते पाहा आणि त्यातल्या एकावर जीसीरूट कमांड चालवा. कुणी धरलंय ते साखळीत दिसतं. त्या क्षणी चालू असलेला कॉल सोडला तर मेथड त्यात नसते.

हीपवासी
बरं, मेथड सुटली. पण रीडओन्ली (एकदाच किंमत देता येणारं) नसलेलं स्टॅटिक फील्ड मी रिव्ह्यूत अडवणारच.

कोडकरी
रीडओन्लीने एवढंच होतं की रेफरन्स बदलता येत नाही. डिक्शनरीत भर पडतच राहते. आकाराला मर्यादा घाला. डिक्शनरीऐवजी डॉटनेटचा मेमरीकॅश वापरत असाल तर त्याला साइझलिमिट द्या आणि प्रत्येक नोंदीला साइझ द्या, नाहीतर ती नोंद टाकतानाच एक्सेप्शन येतं.