मदत हवी आहे : ॲक्स किक खाली आणताना जोर जातो कुठे?

नमस्कार मंडळी. मी ३४ वर्षांची, दोन वर्षांपासून तायक्वांदो शिकते आहे. सध्या नेर्यो चागी, म्हणजे ॲक्स किकवर अडले आहे. पाय बाहेरून आत गोलाकार वर न्यायचा आणि समोरच्याच्या डोक्यावर किंवा खांद्यावर टाच आणायची, हे कळतं. छातीच्या उंचीच्या पॅडवर जमतंही. पॅड डोक्यापर्यंत गेलं की तीन गोष्टी एकदम होतात: उभ्या पायाचा गुडघा वाकतो, टाच उचलली जाते आणि मी मागे झुकते. मग पाय खाली येतो तो नुसता पडतो, फटका बसतच नाही.

सर म्हणतात, 'कंबर पुढे ढकल.' ढकलली की तोल जातो. उजव्या मांडीच्या मागची शीर तर दुसऱ्या दिवशीही ओढल्यासारखी दुखते, त्याची जास्त काळजी वाटते.

अँडी हूगच्या जुन्या लढती पाहते. क्योकुशिन (कराटेची एक शैली) आणि के-वन (जपानमधली किकबॉक्सिंग स्पर्धा) गाजवलेला हा स्विस खेळाडू इतक्या सहज पाय वर नेतो की पाहतच राहावं!

तर जाणकारांनो, पाय वर जाताना गुडघा किंचित वाकवून वरच सरळ करावा, की सुरुवातीपासून ताठ ठेवावा? खाली आणताना ताकद नितंबातून लावायची का? आणि शीर दुखत असताना पाय झुलवण्याचा सराव चालू ठेवू, की आधी पूर्ण विश्रांती घेऊ? तिशीनंतर ही किक बसवलेल्यांचा अनुभव विशेष हवा आहे.