मदत हवी आहे: बॅकएंडमधून एआय लॅबमध्ये जायचंय, अर्जात काय दाखवू?

मंडळी, जरा लांबलचक आहे, चालवून घ्या. मी पुण्यात हिंजवडीला बॅकएंडला आहे, जावा आणि पायथन, आमची टीम पेमेंटची सिस्टिम सांभाळते, म्हणजे रात्री दोनला फोन वाजला की लॅपटॉप उघडायचा. पीएचडी नाही, पेपर नाही, आयआयटी तर नाहीच नाही. आणि आता लंडनच्या एका एआय रिसर्च कंपनीत रिसर्च इंजिनिअरच्या जागेला अर्ज करायचाय. घरी अजून बोलले नाहीये.

जाहिरातीत पीएचडी किंवा तेवढा अनुभव असं लिहिलंय, आता तेवढा म्हणजे केवढा ते कोण सांगणार.

फावल्या वेळात एक उद्योग केलाय. ओपनएआयच्या जीपीटी-२ या भाषा मॉडेलचं सगळ्यात लहान रूप, १२.४ कोटी पॅरामीटरचं (ट्रेनिंगमध्ये ठरत जाणारे मॉडेलच्या आतले आकडे), पायटॉर्च या लायब्ररीत स्वतः लिहून मराठीवर ट्रेन केलं. मूळ टोकनायझर, म्हणजे मजकुराचे टोकन नावाचे तुकडे करणारा भाग, मराठीला अगदीच निकामी, देवनागरीचं एकेक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि तो त्याचे तुकडे पाडत बसतो, म्हणून टोकनायझर वेगळा बनवला. डेटाची तर बोंबच, डीपमाइंडच्या २०२२ च्या चिंचिला पेपरचा (किती मोठ्या मॉडेलला किती डेटा द्यावा त्यावरचा) हिशेब धरला तर पॅरामीटरमागे साधारण २० टोकन, म्हणजे अडीचशे कोटींच्या आसपास, मराठी विकिपीडिया त्यात कुठे पुरणार! मग एआयफॉरभारतचा ‘संग्रह’ नावाचा भारतीय भाषांचा डेटासेट घेतला, डुप्लिकेट काढले आणि भाड्याच्या जीपीयूवर (मॉडेल ट्रेन करायची चिप) चालवलं. मॉडेल बोलतं बरं, मधूनच शासकीय परिपत्रक काढायला लागतं ते सोडा :)

तर हे अर्जात वरती टाकू की त्यांना पोरखेळ वाटेल? का आधी पेमेंटचं काम? रेफरल, म्हणजे कंपनीतल्याच कोणाची शिफारस, नसेल तर अर्ज कोणी उघडून तरी बघतं का? आणि व्हिसाचं फॉर्ममध्येच विचारतात, तिथे स्पॉन्सरशिप लागेल असं सरळ लिहू ना?

प्रतिसाद १:
सरळ लिहा. ऑफर आल्यावर अडकण्यापेक्षा बरं. यूकेच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला अमेरिकेच्या एच-१बी सारखी लॉटरी नसते, पण कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स पाहिजे.

पेमेंटचं काम अजिबात खाली ढकलू नका. मेटाच्या लामा ३ या भाषा मॉडेलचा २०२४ चा पेपर बघा, १६ हजारांवर जीपीयू आणि ५४ दिवसांत ट्रेनिंग ४६६ वेळा थांबलं, त्यातलं ४१९ वेळा अचानक, बहुतेकदा हार्डवेअरमुळे. ते परत उभं करणारी माणसं लागतातच की, आणि रात्री दोनचा फोन तुम्हाला नवीन नाही.

मराठी मॉडेल ठेवा, पण नुसतं ट्रेन केलं असं नको, मोजलेलं लिहा. मूळ टोकनायझरला एका मराठी शब्दामागे किती टोकन लागायचे, तुमच्याला किती लागतात. इंटरव्ह्यूत कोऱ्या फाइलमध्ये ॲटेन्शन (अशा मॉडेलचा मुख्य भाग) लिहायला सांगतात, नाहीतर मुद्दाम बिघडवलेला ट्रेनिंग लूप देतात. मेमरीचा हिशेब तोंडी करता आला पाहिजे. मिक्स्ड प्रिसिजनमध्ये (काही आकडे कमी बाइटमध्ये ठेवून) ॲडम हा नेहमीचा ऑप्टिमायझर, म्हणजे पॅरामीटर सुधारत नेणारी पद्धत, वापरला की पॅरामीटरमागे १६ बाइट, म्हणजे ७०० कोटींच्या मॉडेलला ११२ जीबी, ८० जीबीच्या जीपीयूत ते मावत नाही, मग वाटणार कसं हा पुढचा प्रश्न ठरलेला.

धागाकर्ती:
खूप धन्यवाद! टोकनचा आकडा आजच काढते. पण रेफरलचं काय, त्यावर कोणीतरी बोला ना??