रिअ‍ॅक्शनमध्ये धाप लागलेल्या पेशंटला आडवं का झोपवतात?

रातपाळी_जीएनएम
नर्सिंगच्या जीएनएम कोर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा रात्री मेल वॉर्डात पन्नाशीच्या एका पेशंटला सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकची ड्रिप लावली होती. अ‍ॅलर्जी बघायला आधी दिलेला टेस्ट डोस निगेटिव्ह होता. तरी थोड्याच वेळात तळहात खाजायला लागले, छातीवर गांधी उठल्या, मग उलटी आणि धाप. बीपी ८०/५०. सिस्टर एव्हिल (अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन) आणि हायड्रोकॉर्ट (स्टेरॉइड) भरत होत्या, तेवढ्यात आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) सर आले. म्हणाले, "आधी अ‍ॅड्रेनालिन, मांडीत." पेशंट उठून बसायला बघत होता, तर सरांनी त्याला आडवं करून पाय उचलून धरायला लावले. आम्हाला तर शिकवलंय की धाप लागली की पाठीला उशा देऊन बसवायचं. इथे उलटं का? आणि अ‍ॅलर्जीवर एव्हिल आधी का नाही? सरांना विचारायचा धीर झाला नाही.

कोकणातली_सिस्टर
अगं, विचारायचं! फार तर ओरडतील.

माझी सगळी नोकरी ग्रामीण रुग्णालयात झाली. पावसाळ्यात, भातकापणीत साप चावलेले पेशंट यायचे आणि सापावरची लस घोड्याच्या रक्तापासून केलेली, त्यामुळे रिअ‍ॅक्शनचं आम्हाला नवल नव्हतं.

तुझ्या पेशंटच्या अंगात काय चाललं होतं बघ. मास्ट पेशींतून (प्रतिकारशक्तीच्या पेशी) हिस्टामिन आणि बाकीची रसायनं एकदम सुटतात. रक्तवाहिन्या सैलावतात आणि गळायला लागतात. दहा मिनिटांत वाहिन्यांतलं तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी बाहेर झिरपू शकतं. बाहेर थेंबभर रक्त सांडलेलं दिसत नाही, पण हृदयाकडे परत येणारं रक्तच आटलेलं असतं. अशाला बसवलं की उरलंसुरलं पायांत उतरतं, हृदय रिकामंच ठोके मारतं आणि माणूस तुझ्या हातात गळून पडतो.

मला सगळ्यात धास्ती संडासाची असायची. रिअ‍ॅक्शनमध्ये पोटात कळ येते. पेशंट म्हणतो, "सिस्टर, एकदाच जाऊन येतो," आणि नातेवाईक खांद्याला धरून निघतातसुद्धा. तिथे मी सरळ भांडायचे. बेडपॅन द्या, चादर खराब झाली तर होऊ दे, पण उठायचं नाही. बीपी जरा वर आलं की पेशंटला हुशारी वाटते, तेव्हा तर जास्तच लक्ष ठेवायचं.

बीपी चांगलं आहे, नुसती धाप आहे आणि आडवं केल्यावर गुदमरतोय, तर पाय पुढे लांब ठेवून पाठ उचल. उलटी होत असेल तर कुशीवर. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर.

एव्हिलने खाज जाते, गांधी बसतात. बीपी त्याने चढत नाही, घशाची सूज उतरत नाही. वर गुंगी येते, मग पेशंट झोपलाय की शुद्ध हरपलीय हे तुला कळणार कसं? हायड्रोकॉर्टला तर तास लागतात. अ‍ॅड्रेनालिन वाहिन्या आवळतं, हृदयाला जोर देतं, श्वासनलिका मोकळ्या करतं. मोठ्या माणसाला १ मिग्रॅच्या अँप्यूलमधलं अर्धं, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या अंगाला, स्नायूत. लेंग्यावरून दिलं तरी चालतं. ५ मिनिटांत फरक नाही, तर पुन्हा.

आणि ड्रिप बंद करणं म्हणजे नुसता रोलर फिरवणं नव्हे. नळीत औषध उरलेलं असतं. त्याच नळीच्या सेटमधून एनएस (सलाइन) जोरात सोडलंस तर राहिलेला डोस तूच आत ढकललास. शिरेतली कॅन्युला (सुईची बारीक नळी) ठेव, सेट बदल.

भूल_रेसिडेंट
सिस्टरांशी सहमत. अ‍ॅड्रेनालिनची भीती बसते ती कार्डिअ‍ॅक अरेस्ट बघून, कारण तिथे १ मिग्रॅ शिरेतून देतात. नाडी चालू असलेल्या माणसाला तेवढंच शिरेतून गेलं तर हृदयाची लय बिघडू शकते. स्नायूतून तो धोका फार कमी. मुलांवरच्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूतून दिल्यावर रक्तातली पातळी सुमारे ८ मिनिटांत शिखराला पोचली, कातडीखालून दिल्यावर अर्ध्या तासाहून जास्त लागला. म्हणून दंडात कातडीखाली टोचू नका.

गोळ्यांची पिशवीही मागून घ्या. पेशंट मेटोप्रोलोलसारख्या बीटा ब्लॉकरवर (बीपी-हृदयाच्या गोळीवर) असेल तर अ‍ॅड्रेनालिनला नीट दाद देत नाही, ग्लुकागॉनचं इंजेक्शन लागू शकतं. टेस्ट डोस निगेटिव्ह आला म्हणून मात्र कोणी निर्धास्त होऊ नये.

सावंतवाडीकर
मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. आईला कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं, आम्ही आमसुलाचं पाणी लावतो. तिलाही असं होऊ शकतं का?

कोकणातली_सिस्टर
होऊ शकतं भाऊ. नुसत्या गांधी असतील तर आमसूल लावा, गार वाटतं तेवढंच. पण सोबत आवाज घोगरा झाला, घसा आवळला, धाप, उलट्या किंवा चक्कर आली तर आमसुलात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, आडवं ठेवा आणि गाडीपर्यंत चालवत नेऊ नका. कोळंबी आजपासून बंद, आणि एकदा अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा.

रातपाळी_जीएनएम
थँक यू सिस्टर! आमचा पेशंट पहाटेच घरी सोडा म्हणत होता. सोडला असता तर चाललं असतं का?

कोकणातली_सिस्टर
ठरवायचं डॉक्टरांनी. पण औषध पुन्हा न देताही काही तासांनी रिअ‍ॅक्शन उलटून येऊ शकते. बीपी एवढं उतरलेल्याला मी तरी १२ तास नजरेआड होऊ देत नसे. घरी जाताना औषधाचं नाव केस पेपरवर लाल शाईने आणि त्याच्या हातातल्या चिठ्ठीवरही लिही. "इंजेक्शनची अ‍ॅलर्जी" एवढंच लिहू नकोस, पुढच्या दवाखान्यात त्यावरून कोणाला काही कळत नाही.